९११ ची ऑर्डर भरताना

सांगलीचे एक परिचित मागच्या उन्हाळ्यात भेटायला आले, तेव्हा त्यांच्या हातात बारा पानांचा प्रिंटआउट होता. पोर्शेच्या संकेतस्थळावर तीन-चार रात्री जागून त्यांनी आपली ९११ कॅरेरा मनासारखी सजवली होती. पहिल्या पानावर रंग, दुसऱ्यावर चाकं, आणि पुढे एसीच्या झडपांना चामड्याचं आवरण, चावीला गाडीचाच रंग, दाराच्या उंबऱ्यावर उजळणारी नावाची पट्टी. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, की पिवळा घ्यावा की निळा ते सांगा. मी यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "तुमच्या घराचं गेट रस्त्यापासून किती वर आहे?" ते म्हणाले, "हातभर तरी असेल. उतार चांगलाच खडा आहे." त्या बारा पानांत गाडीचं नाक वर उचलणारा ऑप्शन कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही ती यादी पुन्हा पहिल्यापासून लिहिली. ज्या क्रमाने लिहिली, साधारण त्याच क्रमाने इथे सांगतो. उदाहरण ९११ चं घेतलं आहे, कारण ती मला चांगली माहीत आहे आणि तिच्याइतकी लांबलचक ऑप्शनची यादी फार थोड्या गाड्यांना असते. पण तुम्ही दुसऱ्या कंपनीची स्पोर्ट्स कार मागवत असाल, तरी विचाराची पद्धत हीच चालेल.

प्रत्येक ऑप्शनसमोर आधी एक प्रश्न विचारा. ही गोष्ट गाडी घरी आल्यावर बसवता येईल का? येत असेल, तर ती आज नाही घेतली तरी काही बिघडत नाही. येत नसेल, तर तिचा निर्णय आजच लागतो आणि पुढची दहा वर्षं तो तुमच्यासोबत राहतो. गिअरबॉक्स, सनरूफ, सीटमधल्या मोटारी, मागची वळणारी चाकं, नाक उचलणारी यंत्रणा, हेडलाइटचा प्रकार, हे सगळं स्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझनच्या कारखान्यातच ठरतं. मॅट, डॅशकॅम, रंगावरची संरक्षक फिल्म, इतकंच काय, अलॉय व्हीलसुद्धा नंतर होतात. संकेतस्थळावर मात्र दिसायला देखण्या गोष्टी आधी येतात आणि कारखान्यातच ठरणाऱ्या गोष्टी पुढच्या पानांत विखुरलेल्या असतात. म्हणून माणूस रंग आणि चाकांवर मन रमवतो, बजेट तिथेच संपतं आणि कामाच्या गोष्टी राहून जातात.

आपल्याकडे हा प्रश्न जर्मनीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचं कारण करांत आहे. ९११ भारतात पूर्ण बांधलेली येते. ४० हजार डॉलरपेक्षा महाग मोटारींवर २०२५ च्या अर्थसंकल्पाने ७० टक्के सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार ठेवला, म्हणजे एकूण ११० टक्के. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. आता हिशोब करा. कारखान्यात एखाद्या ऑप्शनमुळे गाडीचं मूल्य १ लाखाने वाढलं, तर शुल्कानंतर ते २ लाख १० हजार होतं आणि जीएसटीनंतर २ लाख ९४ हजार. डीलरचा नफा, रस्ता कर आणि विमा याच्यावर. दर बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी कोणते दर लावले आहेत ते विचारून घ्या. पण तत्त्व तेच राहतं. गाडीत बसून आलेली प्रत्येक वस्तू गाडीचाच कर भरून येते. जे काम पुण्या-मुंबईत तितक्याच चांगल्या दर्जाचं होतं, ते कारखान्याकडून करून घेण्यात अर्थ नाही. त्यातून वाचलेला पैसा जे इथे होऊच शकत नाही त्यावर लावा.

आमच्या नव्या यादीत पहिलं नाव आलं ते पुढचा ॲक्सल उचलणाऱ्या यंत्रणेचं. बटण दाबलं की पुढच्या सस्पेन्शनमधली हायड्रॉलिक यंत्रणा गाडीचं नाक सुमारे ४० मिलिमीटर वर घेते आणि साधारण ३५ किलोमीटर वेगापर्यंत ते वर ठेवता येतं. चार सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं. कागदावर काहीच नाही, पण बंपरची खालची कड घासणं आणि न घासणं यातलं अंतर बहुतेक वेळा तेवढंच असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर हवा. तसा गतिरोधक ९११ सावकाश पार करते. पण आपल्या गल्लीतले गतिरोधक कुणी मोजून केलेले नसतात. उंची तेवढीच, रुंदी हातभर. त्यात सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगचा उतार, गटाराच्या झाकणाची कड, पेट्रोल पंपाच्या तोंडाशी उंचावलेलं डांबर यांची भर पडते.

ही यंत्रणा नंतर बसवण्याचा विचारही करू नका. तिच्यासाठी पुढचे शॉक ॲब्सॉर्बरच वेगळे येतात, पंप आणि नळ्या वेगळ्या येतात. अलीकडच्या ९११ मध्ये ती ठिकाण लक्षात ठेवते. घराच्या गेटशी एकदा नाक वर घेऊन ती जागा साठवली, की पुढच्या वेळी तिथे पोचताच ते आपोआप वर होतं. माझ्या मते महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाने पैशाच्या ओढाताणीत बाकी सगळं सोडावं, पण हे सोडू नये. आणि हे घेतलं म्हणून दहा मिलिमीटर खाली बसणारं स्पोर्ट सस्पेन्शनही घ्यावं, असं मुळीच नाही. ते सस्पेन्शन जर्मनीच्या गुळगुळीत रस्त्यावर शोभतं. आपल्याकडे नेहमीचं पासम, म्हणजे परिस्थितीनुसार मऊ-कडक होणारं सस्पेन्शन, पुरेसं आहे आणि ते गाडीत मुळातच येतं.

दुसरा विषय चाकांचा, आणि इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. कॅरेराला मूळची चाकं पुढे १९ आणि मागे २० इंची असतात. कॅरेरा एसला पुढे २० आणि मागे २१. मोठी चाकं फोटोत भरदार दिसतात, कमान भरून येते, म्हणून बहुतेक जण कॅरेरालाही मोठी घेतात. पण टायरवरचे आकडे वाचून पाहा. कॅरेराचा पुढचा टायर २३५/४० चा आहे. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ४० टक्के, म्हणजे ९४ मिलिमीटर. एसचा पुढचा टायर २४५/३५ चा, त्याची भिंत ८६ मिलिमीटरच्या आत. मागे तोच हिशोब १०३ विरुद्ध ९१. पुढे आठ, मागे बारा मिलिमीटरचं रबर कमी.

खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा रिम आणि डांबर यांच्यामध्ये फक्त हे रबर असतं. ते कमी पडलं की एकतर रिम वाकते, नाहीतर टायरच्या आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. ९११ मध्ये स्टेपनी नाही. हवा भरायचा छोटा पंप आणि भोक बुजवायचा द्रव येतो, आणि तो फाटलेल्या भिंतीवर काही उपयोगाचा नाही. ऑगस्टच्या पावसात आंबा घाटात किंवा ताम्हिणीत रात्री टायर गेला, तर क्रेनची वाट पाहण्याशिवाय दुसरा मार्ग नसतो. म्हणून सांगतो, लहान चाकं घ्या. डोळ्यांना सवय व्हायला आठवडा लागतो, आणि गाडी रस्त्यावर जास्त शांत, जास्त सुखाची चालते. तरीही मोठीच हवी असतील, तर ती पुढे कधीही घेता येतात. सांगलीकरांना हे पटायला वेळ लागला. शेवटी त्यांनी लहान चाकं ठेवली आणि वाचलेली रक्कम नाक उचलण्याच्या यंत्रणेकडे वळवली.

सिरॅमिक ब्रेकचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. त्यांचे पिवळे कॅलिपर चाकाच्या आऱ्यांतून दिसतात आणि मोह पाडतात. ते उत्तम ब्रेक आहेत यात शंका नाही. त्यांची डिस्क बिडाच्या डिस्कच्या जवळपास निम्म्या वजनाची असते, ती गंजत नाही, चाकांवर काळी भुकटी फारशी बसत नाही. पण त्यांचा खरा फायदा ब्रेक तापून लाल होतील अशा ठिकाणी दिसतो, म्हणजे रेसट्रॅकवर. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर तुम्ही वर्षातून चार वेळा गाडी नेणार असाल, तरीही मी विचार करायला सांगेन, कारण ट्रॅकवर नियमित जाणारे बरेच अनुभवी लोक बिडाच्याच डिस्क पसंत करतात. त्या झिजल्या की निश्चिंतपणे बदलता येतात. सिरॅमिक डिस्कला दगडाची किंवा टायर बदलताना पान्याची ठेच लागली, तर खर्च भलताच होतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा १०० किलोमीटरची आहे, समृद्धीवर १२० ची. त्या वेगांना मूळचे ब्रेक पुरून उरतात. हा ऑप्शन सोडा.

सीटचा निर्णय शोरूममध्ये उभ्याने होत नाही. त्यांच्याकडे ज्या प्रकारच्या सीट असतील त्यांत प्रत्येकी निदान अर्धा तास बसा, मोबाइल बाजूला ठेवा आणि कंबरेला काय वाटतं ते पाहा. साध्या स्पोर्ट सीट चार बाजूंना हलतात, सगळ्यात वरच्या १८ बाजूंना. त्यांच्यामध्ये १४ बाजूंची सीट येते आणि पाठदुखी असलेल्या माणसाला तीच बहुधा पुरेशी ठरते, कारण कंबरेचा आधार तिच्यात नीट जुळवता येतो. कार्बनच्या बकेट सीटची पाठ मागेपुढे कलत नाही. गाडी फक्त तरुण मालकच चालवणार असेल तर ठीक. पण वडिलांना शेजारी बसवून गणपतीला गावी जायचं असेल, तर त्या सीटच्या उंच कडांवरून उतरताना त्यांना होणारा त्रास आधी डोळ्यांसमोर आणा. बकेट सीटमध्ये हवा खेळवणारा पंखाही नसतो.

हा पंखा मी चैन मानत नाही. एप्रिल-मे महिन्यात नागपूर, जळगाव, सोलापूरच्या उन्हात उभी राहिलेली काळ्या चामड्याची सीट कशी तापते, हे वेगळं सांगायला नको. सीट थंड ठेवणारी सोय नंतर बसत नाही, कारण तिची छिद्रं चामड्यातच पाडलेली असतात आणि पंखे गादीत असतात. सीट गरम करण्याची सोय मात्र महाबळेश्वरची थंडी सोडली तर आपल्या कामाची नाही. तसंच स्टिअरिंगचं. रेस-टेक्स नावाचं मखमलीसारखं कापड हातात फार छान लागतं, पण घामाच्या हातांनी ते वर्षभरात चपटं आणि चिकट होतं. किनारपट्टीच्या दमट हवेत गुळगुळीत चामड्याचं स्टिअरिंग घ्या, ओल्या फडक्याने पुसता येतं. आणि चामडं कुठलंही असो, कोकणात किंवा मुंबईत गाडी पावसाळाभर बंद राहणार असेल तर त्यावर बुरशी येते. इथे ऑप्शन कामाला येत नाही. आठवड्यातून एकदा एसी लावून गाडी फिरवावी लागते.

मागच्या सीटबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. २०२४ मध्ये ९११ ची सुधारित आवृत्ती आली, तेव्हापासून कूपे मुळात दोनच सीटची धरली जाते आणि मागच्या दोन छोट्या सीट जास्तीचे पैसे न घेता, पण मागितल्यावरच मिळतात. यादीत ती खूण केली नाही, तर गाडी दोन सीटची येऊ शकते. त्या सीटवर मोठं माणूस बसू शकत नाही हे खरं, पण सात-आठ वर्षांचं मूल आरामात बसतं, आणि मूल नसलं तरी दप्तर, छत्री, भाजीची पिशवी ठेवायला जागा होते. फुकटची खूण आहे, करून टाका.

आता यंत्राच्या बाजूचे ऑप्शन झटपट उरकतो. स्पोर्ट क्रोनो पॅकेज घ्यावं. डॅशबोर्डवरचं घड्याळ ही त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. वीस सेकंदांसाठी सगळी ताकद तयार ठेवणारं बटण त्यातच येतं. कॅरेराचा शून्य ते शंभरचा वेळ त्याने ४.१ वरून ३.९ सेकंदांवर येतो. तो फरक तुम्हाला जाणवणार नाही, बटणाची सोय मात्र जाणवेल. पुढे गाडी विकताना घेणारा हे पॅकेज आहे का, असं हटकून विचारतो. मागची चाकं वळवणारी यंत्रणा ज्या मॉडेलवर मिळते तिथे जरूर विचारात घ्या. सुमारे ५० किलोमीटरच्या आत ती चाकं पुढच्यांच्या उलट वळतात, त्यामुळे अरुंद पार्किंगमध्ये गाडी लहान झाल्यासारखी वाटते, आणि ८० च्या वर त्याच दिशेला वळून गाडी स्थिर ठेवतात. दाटीच्या शहरात राहणाऱ्याला मी ही घ्यायला सांगतो. ओल्या रस्त्यावर सावध करणारा वेट मोड वेगळा मागू नका. २०१८ मध्ये आलेल्या पिढीपासून तो कॅरेरामध्ये मुळातच आहे. पुढच्या चाकांच्या कमानीतले सेन्सर पाण्याच्या तुषारांचा आवाज ऐकतात आणि रस्ता ओला असल्याचं सांगतात. आपल्या चार महिन्यांच्या पावसात ही सोय मोलाची आहे.

हातगिअर की पीडीके, म्हणजे पोर्शेचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स, याचं उत्तर तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे. हातगिअरचं सुख मी नाकारत नाही, पहाटेच्या रिकाम्या घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना जे समाधान मिळतं ते दुसरं कुणी देऊ शकत नाही. पण तो आता मोजक्याच मॉडेलवर मिळतो, कॅरेरा टी आणि जीटी ३ ही त्यांतली दोन नावं. गाडी रोज बांद्रा ते लोअर परळ जाणार असेल, तर आठ गिअरचं पीडीके घ्या. गाडी रविवारचीच असेल आणि तुमच्या मॉडेलला हातगिअर मिळत असेल, तर दुसरा विचार न करता हातगिअर घ्या.

याच वेळी आणखी एक गोंधळ उडतो. ऑप्शन लावत लावत कॅरेराची किंमत वरच्या मॉडेलच्या जवळ जाते आणि मन म्हणतं, थोडे घालून तेच का घेऊ नये. अशा वेळी वरचं मॉडेल घेतलं आणि नाक उचलणारी यंत्रणा, चांगल्या सीट सोडाव्या लागल्या, तर मी त्याला चुकीचा सौदा म्हणेन. साध्या कॅरेराचं ३.० लिटरचं दोन टर्बोंचं इंजिन ३९४ अश्वशक्ती देतं. महाराष्ट्रातला एकही सार्वजनिक रस्ता तिला पूर्ण वापरू देत नाही. नीट निवडलेली साधी कॅरेरा, घाईघाईत निवडलेल्या महागड्या ९११ पेक्षा जास्त सुख देते.

आता रंग. सांगलीकरांना एवढा वेळ मी याच प्रश्नावर थांबवून ठेवलं होतं. पडद्यावर दिसणाऱ्या रंगावर कधीही विश्वास ठेवू नका. डीलरकडे रंगांचे खरे नमुने असतात. ते बाहेर न्या, दुपारच्या उन्हात पाहा, आणि जमलं तर आभाळ भरून आलेल्या दिवशी पुन्हा पाहा. गडद निळा सकाळी राजस वाटतो आणि ढगाळ संध्याकाळी काळा दिसतो. काळ्यावर आपली लाल धूळ तासाभरात बसते आणि पुसताना बारीक चरे पडतात. फिकट करडे रंग धूळ लपवतात. साधे रंग सहसा बिनपैशाचे किंवा स्वस्त, मेटॅलिकला जास्त पैसे, आणि त्याच्यावर पेंट टू सॅम्पल, म्हणजे पोर्शेच्या जुन्या-नव्या शंभरहून अधिक रंगांतून निवड. त्याहीपुढे एक पायरी आहे. तुम्ही स्वतः एखादा नमुना द्यायचा आणि तो गाडीवर नीट बसतो का, टिकतो का, हे कारखान्याने तपासायचं. आजीच्या पैठणीचा किंवा वडिलांच्या जुन्या स्कूटरचा रंग गाडीला द्यायचा असेल, तर तो मार्ग खरोखर खुला आहे. त्यात पैसा बराच जातो आणि वाट पाहण्याचा काळ वाढतो.

त्या रंगाआधी एकाच गोष्टीचा विचार करा. बंपरला ओरखडा गेला तर इथला पेंटर तो रंग हुबेहूब मिसळू शकेल का? रंगाचा कोड डीलरकडून लेखी घ्या आणि अधिकृत बॉडीशॉपला आधीच विचारा. इतकं करूनही तो रंग मनातून जात नसेल, तर घ्या. आठवणीशी जोडलेल्या रंगाला पैशांच्या हिशोबात बसवू नये. तुम्हाला तो मनापासून हवा असेल, तर पुनर्विक्रीच्या भीतीने पांढरा घेऊ नका. सांगलीकरांनी पिवळा घेतला. त्यांचा कल पहिल्यापासून तिकडेच होता, फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.

काचांबाबत मात्र आवडीनिवडीला जागा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. यादीत मागच्या भागासाठी गडद काचेचा ऑप्शन दिसला, तर ती भारतात नियमात बसते का, हे डीलरकडून लेखी घेतल्याशिवाय खूण करू नका. सनरूफ मी स्वतः घेणार नाही. डोक्यावरची जागा थोडी कमी होते, छतावर वजन चढतं आणि आपल्या उन्हात ती वर्षातले दोन महिनेच उघडते. तुम्ही उंच असाल, तर सनरूफ असलेल्या गाडीत बसून पाहिल्याशिवाय ठरवू नका. वरच्या दर्जाचे मॅट्रिक्स हेडलाइट मात्र घ्यावेत. रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवरचा झोत तेवढा कापून ते बाकीचा रस्ता उजळतात, आणि बिनदिव्यांच्या राज्य महामार्गावर ही तुमच्याइतकीच समोरच्याच्या सुरक्षेची गोष्ट आहे.

उरलेल्या शे-दीडशे ऑप्शनपैकी बहुतेक वस्तू शोभेच्या आहेत. रंगीत चावी, झडपांचं चामडं, आर्मरेस्टवरचं चिन्ह यांवर मी फुली मारायला सांगितली. पण सगळीच शोभा मारू नका. एखादी गोष्ट गाडीत बसताना दर वेळी आनंद देणार असेल, तर ती ठेवा. त्यांनी पिवळे सीटबेल्ट ठेवले, आणि मला ते आवडलं. गाडीच्या मागच्या बाजूचं मॉडेलचं नाव काढून टाकण्याचा ऑप्शनही असतो. ९११ हा आकडा तेवढा राहू द्यावा असं मला वाटतं. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला ही गाडी ९०१ म्हणून आली होती. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून पुढच्या वर्षी शून्याचा एक झाला. साठ वर्षं टिकलेला तो आकडा गाडीवर शोभतो.

आता कागदपत्रं. यादी पक्की झाली, की संकेतस्थळ पोर्शे कोड देतं. तो डीलरला द्या म्हणजे तुम्ही पाहिलेलीच यादी त्यांच्यासमोर उघडेल. पण तेवढ्यावर थांबू नका. ऑर्डर कारखान्याकडे गेल्यावर तिची छापील प्रत मागा, तिच्यात प्रत्येक ऑप्शनचा कोड असतो. तुमची यादी शेजारी ठेवून एकेक ओळ पेन्सिलने जुळवा. माझ्या एका मित्राने सीटचा पंखा शोरूममध्ये तोंडी सांगितला होता. विक्रेत्याने मान डोलावली, कागदावर मात्र तो आला नाही, आणि गाडी आली तेव्हा सीट गरम करण्याचं बटण तेवढं होतं. भांडायला हातात काही नव्हतं. बदल करण्याची शेवटची तारीखही लेखी घ्या. ती उलटली की कारखाना यादीला हात लावू देत नाही. बुकिंगच्या अर्जात बहुधा एक ओळ असते, की गाडी मिळेल त्या दिवशीची किंमत लागू होईल. युरोचा भाव चढला किंवा कर बदलला, तर फरक कुणी सोसायचा, हे सही करण्याआधीच विचारा. बुकिंग रद्द केलं तर किती रक्कम परत मिळेल, तेही त्याच वेळी.

गाडी येईल तो दिवस घाईचा ठेवू नका. हार, नारळ, पेढे, फोटो हे सगळं होऊ द्या, पण त्याआधी दिवसाच्या उजेडात तास-दीड तास त्या कोडच्या यादीसकट गाडीभोवती फिरा. नाक वर करून पाहा, सीटचा पंखा लावून पाहा, मागच्या सीट आहेत का पाहा. टायरवरचे आकडे वाचा. रंगावरची फिल्म चढवायची असेल, तर ती पहिल्या प्रवासाआधी चढवा, बंपरवर पहिला दगड बसल्यावर नव्हे.

सांगलीकरांची गाडी आली, तेव्हा ती नोंदणीविना घरी नेऊ नका, एवढंच मी त्यांना बजावलं होतं. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण जिवांचा बळी घेणाऱ्या पोर्शेची नोंदणी पूर्ण झालेली नव्हती आणि चालवणारा अल्पवयीन होता. त्या दोन्ही गोष्टी मालकाच्या हातातल्या होत्या. तुम्ही ऑर्डर भरत असाल, तर सोबत एका प्रशिक्षित माणसाकडून गाडी हाताळायला शिकण्याचे दोन दिवसही राखून ठेवा. नंबरप्लेट लागेपर्यंत गाडी गेटबाहेर काढू नका, आणि चावी घरात कुणाच्या हाती लागेल, हे आजच ठरवा.